पान सातवरचा सलाम

जगभरच्या अँग्लिकन चर्चमध्ये फूट पडल्याची बातमी मी पान सातवर छापली आणि शेजारी फोटो लावला साताऱ्यातल्या आमच्या कचेरीमागच्या चर्चचा.

कारण विचाराल, तर संगणकात चर्चचा तेवढा एकच फोटो सापडला. त्यात फाटकाशी एक म्हातारा उभा होता, उजवा हात कपाळाशी. खाली मी ओळ दिली, ‘वाद चिघळला’. बातमीतलं सगळं दूरचं होतं. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यावा का, बाईनं बिशप व्हावं का, यावरून विलायतेतले आणि आफ्रिकेतले बिशप एकमेकांपासून दुरावत चाललेले. पण सकाळी वाचकांना दिसलं ते एवढंच, की ही फूट पाहून साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं डोकं धरलंय.

त्यानं डोकं धरलं नव्हतं. तो सलाम करत होता.

मराठी ख्रिस्ती माणसं भेटली की सलाम म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण या म्हाताऱ्याचा, दादांचा सलाम पाहायला हवा होता. चर्चची सगळी मंडळी त्यांना दादाच म्हणायची. हात कपाळापर्यंत जायचा आणि तिथंच विसावायचा, उन्हात लांबचं काही दिसतंय की काय असा. समोरचा निघून गेला तरी हात तिथंच. हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली, पण त्यांच्याजवळ उभं राहिलं की आपण कुठं निघालो होतो तेच आठवायचं नाही.

दुपारी ते पेपर घेऊन कचेरीत आले. मी टेबलाखाली काहीतरी शोधू लागलो.

“सलाम. ह्यो मीच न्हवं? सांगलीसनं लेकीचा फोन आला, दादा, डोकं का धरलंय म्हणून.”

“घाईत झालं हो, दादा.”

“देवाला घाई नसती. पेपराला असती व्हय.” मग टेकून बसले आणि ओळींखालून बोट फिरवत बातमी वाचली. “ती लांबची माणसं अजून एकमेकांच्या हातचं खात्यात का?”

“तसं काही आलेलं नाही.”

“मग अर्धीच आलीया.”

रागावले नव्हते, पण घाबरले होते. चर्चच्या छपरावर पत्रा घालायचा की कौलं, यावरून मंडळीत आधीच दोन तट होते. कृष्णाकाठची उसाची घरं पत्र्याच्या बाजूची, वडूजकडची ज्वारीची घरं कौलांच्या. उपासनेला मधली वाट सोडून दोन बाजूंना बसायची. माझी बातमी पाहून दोन्ही बाजूंना एकच शंका आली, की आपलं भांडण त्या बाजूनंच पेपरात दिलं. हंगामाची उपासना तोंडावर आलेली. आता दोघंही म्हणत होते, आमची आम्ही वेगळी करू.

“एकदा वेगळी बसली का परत यायची न्हाईत,” दादा म्हणाले. “ह्या रविवारी कसंबसं बोलावलंय समद्यास्नी. तुमीबी या. रिकाम्या हातानं येऊ नगा.”

मी भोपळा घेऊन गेलो.

या उपासनेत शेतातलं नवं पीक देवापुढं ठेवतात आणि मग त्याचा लिलाव होतो. लिलाव दादांचा, आणि त्यांचा दंडक एकच. ज्यानं आणलं त्यानं घ्यायचं नाही, दुसऱ्या बाजूनं घ्यायचं. त्यामुळं वडूजची पोरं कृष्णेचा ऊस खायची आणि कृष्णाकाठच्या तव्यावर वडूजची ज्वारी फुगायची.

आत शिरलो आणि क्षणभर शेतात आलो की चर्चमध्ये ते कळेना. वेदीला टेकवलेले ऊस, खांबांना बांधलेली ज्वारीची ताटं, काचेतून येणारं पिवळं ऊन आणि त्यात तरंगणारा कणसांचा भुसा. माणसं त्या उन्हात पेरल्यासारखी. मी उभा राहून सांगितलं, चूक माझी, तुमच्यातल्या कुणीही पेपरात काही दिलं नाही. कुणी मान वर केली नाही. टोपलीतली कोंबडी तेवढी बघत होती.

दादांनी मधल्या वाटेत स्टूल ठेवलं आणि त्यावर पहिला माझा भोपळा. तो कुठल्याच बाजूचा नव्हता.

“बोला,” ते म्हणाले.

कुणी बोलेना. दादांचा हात हळूहळू कपाळाकडं गेला, आणि या वेळी तो सलाम नव्हता. मला बघवेना. मीच बोली लावली.

डावीकडून आवाज आला, “आवं, सोताचाच भोपळा कोण घेतं का?”

उजवीकडून लगेच, “पेपरवाल्यास्नी दंडक कसला, गड्या! फोटो कुणाचा, बातमी कुणाची!”

आधी कोण हसलं माहीत नाही. पण हसू मधल्या वाटेवरून इकडून तिकडं गेलं, आणि मग माझा भोपळा माझ्यापासून वाचवायला दोन्ही बाजू बोलीत उतरल्या. दादा डोळे मिटून म्हणत होते, “एक वार... सावकाश, देवाला घाई न्हाई... दोन वार...” दुपार उतरली तरी लिलाव चालूच होता. ऊस वडूजकडं निघाला, ज्वारी नदीकडं.

पावसाळ्यात दादा सांगलीला लेकीकडं गेले आणि तिथूनच त्यांची शेवटची बातमी आली. मी ती छापली. फोटो तोच. खाली एकच शब्द, ‘सलाम’.

छपराचं अजून ठरलेलं नाही. यंदाच्या हंगामाला मंडळी तशीच दोन बाजूंना बसली होती, पण एकाच छपराखाली. सांगलीहून लेक ओली हळद घेऊन आली होती. मधल्या वाटेत स्टूल होतं, त्यावर तेच पिवळं ऊन बसलेलं. बगलेत भोपळा धरून मी बघत राहिलो. हात आपोआप कपाळाशी गेला आणि तिथंच थांबला.

“आता डोकं धरून काय उपेग?” लेक मागून म्हणाली. “ठेवा तो भोपळा स्टुलावर. आन् औंदा तोंड मिटून बसा.”