दोरीपलीकडचा खलाशी

संग्रहालयात सगळे त्याला खुर्चीकाका म्हणत. सव्वीस वर्षं एकाच दालनात, एकाच खुर्चीवर, एकाच चित्रासमोर बसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

चित्र भिंतभर मोठं. शिडाची चार जहाजं, पाणी तव्यासारखं सपाट, वारा म्हणून नाही. शिडं मेली लोंबतायत आपली. लोक यायचे, ‘वा!’ म्हणायचे, चालू पडायचे. चित्रापुढे दोरी होती. ती कुणी ओलांडत नाही ना, हे बघणं काकाचं काम. काका नियमाचा इतका पक्का, की त्यानं स्वतःही ती कधी ओलांडली नाही.

शेवटच्या जहाजाच्या टोकाला एक खलाशी उभा होता. तिळाएवढा. बारा वर्षांपूर्वी बायको गेली, घरात भिंती तेवढ्या उरल्या, तेव्हापासून काका त्याच्याशी बोलू लागला. मनातल्या मनात हं, वेड नव्हतं लागलं! ‘काय रे, आज तरी सुटतोय का वारा?’ हे सकाळचं ठरलेलं. गुडघा दुखला, मुलाचा फोन आला नाही, भाजी करपली, सगळं त्याच्या कानावर घालायचं. तोही अडकलेला, हाही अडकलेला. जमलं.

मग चित्रं साफ करणारी बाई आली. काडीला कापसाचा बोळा गुंडाळायचा, थुंकीनं ओला करायचा आणि अलगद पुसायचं, ही तिची रीत. थुंकीसारखं औषध नाही म्हणे. पुसत पुसत ती शेवटच्या जहाजापाशी पोचली, तसा काका खुर्चीवरून उठला.

‘मॅडम, त्या खलाशाला जरा जपून.’

‘कुठला खलाशी?’

‘तो काय, टोकाला उभा.’

तिनं भिंग लावलं. ‘अहो काका, ही माशीची घाण आहे! या, बघा.’

काकानं पहिल्यांदा दोरी ओलांडली. खरंच, माशी बसून गेली होती, बाकी काही नाही. बारा वर्षं! हसावं की रडावं, त्याला कळेना.

‘ठेवता नाही येणार?’ त्यानं विचारलंच.

‘नाही हो. खालचा रंग खाते ती.’

‘मग पुसा.’

दोनदा बोळा फिरला आणि डेक मोकळा झाला. ती बोळा डब्यात टाकणार, तोच काकानं हात पुढे केला.

‘तेवढा मला द्या. बारा वर्षांची सोबत आहे, कचऱ्यात कशी टाकू देऊ?’

बाई हसली नाही. तिनं बोळा कागदी पाकिटात घातला आणि पाकिटावर नाव लिहायच्या सवयीनं पेन काढलं. ‘याचं नाव काय लिहू?’

काकानं पाकीट तिच्या हातातून घेतलं.

‘नाव नका लिहू,’ तो म्हणाला. ‘कधी लागलंच नाही. आम्ही दोघंच तर होतो बोलायला.’