ताईच्या रकान्यातला बाक

माझ्या तक्त्यात ताईच्या रकान्यात तिन्ही दिवस एकच शब्द होता: बाक.

कुठल्याही सहलीला निघण्याआधी मी तक्ता करते. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावातले आमचे मित्र त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा करतात आणि स्वतः कुठे निघाले की हळूच त्याची कॉपी मागतात. २००६च्या सप्टेंबरअखेरीस आम्ही पार उत्तरेकडच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर गेलो, तेव्हाही तो केला होता. माझ्या आणि नवऱ्याच्या रकान्यात टेकड्या, सायकली, पुन्हा टेकड्या. ताईच्या रकान्यात बाक, थर्मास आणि विणकाम. तिचं वय साठीच्या पुढे, आणि मी स्वतःला फार समंजस समजत होते.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. निवृत्त झाल्यावर पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. सगळी नोकरी तिने सायकलवरून बँकेत जाऊन केली. मला सायकल तिनेच शिकवली, कॅरिअर धरून मागे पळत. मग दोन वर्षांपूर्वी एक रिक्षा आडवी आली आणि ताईचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण सायकल जिन्याखाली गेली ती तिथेच राहिली. आता सोसायटीला जिन्याखालची जागा रिकामी हवी होती. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी भाच्याचा पुण्याहून फोन आला.

"आई, रविवारी सकाळी भंगारवाला येतोय. सायकल देऊन टाकू ना? शनिवारपर्यंत सांग."

"बघते," ताई म्हणाली.

भाजी घेण्यापासून मुलाच्या लग्नापर्यंत सगळं एका वाक्यात ठरवणारी ही बाई. तिच्या तोंडी 'बघते' मी पहिल्यांदा ऐकलं. गाडीत मीच विषय काढला.

"देऊन टाक ना ताई. नुसती गंजतेय."

"गंजत नाहीये. मी दर महिन्याला तेल घालते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

शुक्रवारी टेकडी झाली. वर पोचलो तर खाली अटलांटिक पसरलेला आणि त्यात पोहे सांडावेत तशी बारीक बारीक बेटं. नवरा म्हणाला, "यार, हे बघायला हेलिकॉप्टर मिळत असेल ना?" आणि खडकावर आडवा झाला. उतरलो तेव्हा ताईने अर्धा मफलर विणला होता आणि शेजारी बसलेल्या एका अमेरिकन आजोबांना तिखटमिठाच्या पुऱ्या खाऊ घातल्या होत्या.

"यांची बायको वर गेलीय," ताईने आम्हाला माहिती दिली. "यांच्याही रकान्यात बाकच."

शनिवारी सायकली. भाड्याने देणारी बाई करड्या वेणीची होती. दोनच सायकली घेतल्या, एक मला, एक नवऱ्याला. तिने बजावलं की डावा ब्रेक पुढच्या चाकाचा आहे, उतारावर तो एकटा जोरात दाबायचा नाही, नाहीतर हँडलवरून पुढे फेकले जाल. पुण्यात याच्या बरोबर उलट असतं. मी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि वही पिशवीत टाकली.

मोटारींना बंदी असलेला खडीचा रस्ता. दोन्ही बाजूंना रानटी ब्लूबेरीची झुडपं, थंडीच्या चाहुलीने लालबुंद झालेली. ताईला समुद्राकडे तोंड असलेल्या बाकावर बसवलं, थर्मास दिला आणि आम्ही निघालो. आता सांगायची गोष्ट अशी की मी तेव्हा दहा वर्षांहून अधिक काळ न्यू जर्सीत गाडी चालवत होते, टर्नपाइक हायवेवर, ट्रकांच्या मधून, आणि सगळं आयुष्य उजवीकडून चाललं होतं. पण सायकलवर मी शेवटची बसले होते पुण्यात. नवरा नागपुरात. पायाखाली पेडल आलं आणि आम्ही दोघं अगदी निष्ठेने रस्त्याच्या डावीकडून जाऊ लागलो. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तर दिसेल त्या खारीला घंटी वाजवत होते.

थोडं पुढे समोरून रंगीबेरंगी हेल्मेटांची एक रांगच आली. ते त्यांच्या उजवीकडून, म्हणजे थेट माझ्या अंगावर. मला एकदम अमेरिका आठवली आणि मी उजवीकडे वळले. तेवढ्यात त्यांना माझी दया येऊन तेही तिकडेच वळले. मी पुन्हा डावीकडे, तेही पुन्हा डावीकडे. मागून नवरा "कुठली बाजू? कुठली बाजू?" असं ओरडत होता. शेवटी मी तिसरी बाजू घेतली आणि सायकलसकट ब्लूबेरीत शिरले. मग सगळ्यांनी सगळ्यांना सॉरी म्हटलं. एकाने माझ्या केसांतलं पान काढून दिलं.

सायकल हातात धरून बाकाशी परत आलो, तर ताई चष्मा काढून डोळे पुसत होती. हसून हसून तिला उचकी लागली होती.

"अगं, तू लक्ष्मी रोडवर चालली होतीस का?"

"सवय आहे ना ताई."

"आणि हँडल केवढं आवळून धरतेस! कोणी शिकवलं तुला?"

"तूच."

"मी असलं नाही शिकवलं. उतर. दे इकडे." ती उठली. "त्या वळणापर्यंत दाखवते फक्त."

नवऱ्याने आणि मी एकमेकांकडे बघितलं. ताईने माझं हेल्मेट डोक्यावर चढवलं, ओढणी छातीवरून मागे नेऊन कमरेशी घट्ट गाठ मारली. बँकेत जाताना मारायची तशीच. एकदा डाव्या हाताने उजवं मनगट दाबून बघितलं. मग तिने टांग टाकली, थोडी डगमगली, सरळ झाली आणि रस्त्याच्या उजवीकडून, ताठ मानेने, वळणापर्यंत गेली.

आणि वळणाआड गेली.

"आता वळेल," नवरा म्हणाला.

ती वळली नाही. वळणापलीकडे काय आहे हे मी नकाशात पाहिलं होतं: खाडीपर्यंत सरळ उतार. तेव्हा मला ब्रेकची आठवण झाली. ताईचं उजवं मनगट कमजोर, म्हणजे ती डाव्या हाताने ब्रेक दाबणार, आणि तिच्या हिशेबी डावा ब्रेक मागचा.

"तुझी सायकल दे!"

"अगं, पण मी कशावर येऊ?"

"तुझ्या रकान्यात बाक!"

"आणि हे विणकाम?"

"दोन सुलट, दोन उलट!"

त्याच्या सीटवरून माझे पाय पेडलला जेमतेम टेकत होते. वळण घेतलं, उतार लागला, आणि मी बोंबलत सुटले, "ताई, डावा दाबू नकोस! डावा पुढचा आहे! ताऽऽई!" खालून उत्तर आलं ते घंटीचं, अखंड, थांबायचं नाव नाही. आणि त्यावर एक आरोळी. ती आरोळी मी ओळखली. चतुःशृंगीचा उतार, शाळेतली ताई, कॅरिअरवर दप्तर कवटाळून बसलेली मी. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी यायला लागलं, समुद्र अंगावर धावून आल्यासारखा मोठा होत गेला, आणि कधी ते कळलं नाही, पण मीही ओरडायला लागले होते. शब्द नव्हतेच त्यात.

खाली गुलाबी खडकांशी माझी सायकल नीट टेकवून ठेवली होती. ताई शेजारी उभी, गाल लाल, चष्मा वाकडा.

"केवढी किंचाळतेस! लोक काय म्हणतील?"

"ब्रेक उलटे आहेत ताई!"

"माहितीये. बसायच्या आधी दोन्ही दाबून बघितले. तू नाही बघत?"

मी खडकावर बसले आणि हसत सुटले. तीही. बोलायला गेलं की पुन्हा हसू.

"मनगट दुखतंय?" मी शेवटी विचारलं.

"दुखतंय. दुखू दे." तिने हाताची मूठ दोनदा उघडली, मिटली. "पुण्यात आत्ता किती वाजलेत गं?"

तिथल्याच छोट्या धक्क्यावर लॉब्स्टर विकणाऱ्या टपरीबाहेर एक सार्वजनिक फोन होता. भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये असतंच. पुण्यात रात्र झाली होती, भाचा जेवून नुकताच उठला होता. ताई एवढ्या मोठ्याने बोलत होती की मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"आई, बरं झालं फोन केलास. भंगारवाल्याला काय सांगू?"

"जिन्याखालचं बाकी सगळं ने म्हणावं. सायकल वर आण."

"वर म्हणजे? घरात?"

"गॅलरीत. कुंड्या सरकव. आणि दोन्ही चाकांत हवा भर. ट्यूब गेली असेल तर बदलून घे."

"आई, अगं पण तुझा हात..."

"हात माझ्याकडे आहे, मी बघते. तू हवेचं बघ. घे, मावशीशी बोल."

तिने रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. तेवढ्यात उतारावरून नवरा पायी येताना दिसला, एका हातात थर्मास, गळ्यात अर्धा मफलर आणि मागे रस्त्यावर लांबलचक लोकर.

"मावशी, काय झालंय काय आईला?" भाचा विचारत होता.

मी सविस्तर सांगणार होते. मुद्दे मनात तयारही होते. पण ताईने तोवर पुन्हा ओढणीची गाठ आवळली होती, माझी सायकल रस्त्यावर घेतली होती, आणि नवऱ्याला घंटी वाजवून बाजूला करत ती चढाला लागली होती. उजवीकडून.

"नंतर बोलते रे," मी म्हटलं. "तुझी आई निघाली." आणि फोन ठेवून मी त्या उंच सायकलकडे धावले.