अर्चना सोशिक नव्हती

अर्चना गेल्याची बातमी मला पुण्याहून कळली. ती वरच्या खोलीत होती, मी नेमकी तिच्या खोलीखाली पिठाच्या चक्कीवर, मधे फक्त एक स्लॅब... आणि तरी बातमी पुण्याहून आली. सकाळचे अकरा वाजले असतील. तिच्यासोबत काम करणारी एक बाई कॉम्प्युटरवरून तिच्याशी बोलत होती आणि बोलता बोलता अर्चना गप्प झाली. त्या बाईनं हाका मारल्या, मग माझ्या मुलाला, अविनाशला, फोन केला. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे. त्यानं मला केला. पट्टा फिरत असला की मला फोन ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा एका गिऱ्हाइकानं दाखवला. "आई, वर जाऊन पाह्य. अर्चना बोलून नाही राह्यली." मी चक्की बंद केली, हात झटकले आणि वर गेले. ती खुर्चीतच होती, मान एका बाजूला पडलेली. पडद्यावरची बाई अजून "मॅडम, मॅडम" करत होती. यवतमाळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदयाचा झटका, म्हणाले. माझी सून एक्केचाळीस वर्षांची होती.

तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "आधी काही त्रास होता का? दम लागणं, हात दुखणं?" अविनाशनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही. कधी काही बोलली नाही." हे खोटं होतं. ती बोलली होती, मलाच बोलली होती, आणि दोनदा बोलली होती. तेरवीला लोक जमले तेव्हा मी तेच खोटं मोठं करून सांगितलं. "पोरगी लय सोशिक. अंगावर काढलं, कोणाले कळू दिलं नाही." बायकांनी माना हलवल्या, डोळ्यांना पदर लावले. तेव्हापासून दिग्रसात आमच्या ओळखीच्या लोकांत अर्चना सोशिक म्हणून प्रसिद्ध आहे. तिचं नाव निघालं की लोक आधी तेच म्हणतात, आणि मी मान हलवते. ते खोडून काढायला मी हे लिहायला बसले. अर्चना सोशिक नव्हती. बिघडलेलं बिघडलं म्हणून सांगायचं हेच तिचं काम होतं, आणि त्या कामाची मी बारा-तेरा वर्षं टिंगल केली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर चक्की मीच चालवली, अजूनही चालवते. अर्चना कळंबची. यवतमाळला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, आणि लग्नानंतर काही दिवसांनी कंपनीनं तिला घरून काम करायला सांगितलं. सकाळी आंघोळ, वेणीफणी करून ती वर जाऊन बसे, जशी बाहेर निघालेली बाई. मला ते पटत नसे. घरात बसायचं त वेणी कायले? एकदा मी तिला सरळ विचारलं, "तू दिवसभर करतं तरी काय?" तिनं मला टाळलं नाही. हातातली तुरीची शेंग सोलत सांगू लागली. कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा असते. जगभरचे लोक त्या भाषेत आपापले प्रोग्राम लिहितात. ती भाषा कॉम्प्युटरला समजावून देणारा एक मोठा प्रोग्राम असतो, आणि त्यात रोज कोणी ना कोणी सुधारणा करत असतं. एक जागा सुधारली की दुसरीच कुठली तरी जागा बिघडते. म्हणून ती त्या भाषेत हजारो लहान लहान टेस्ट लिहून ठेवते. प्रत्येक टेस्टच्या शेजारी, काय उत्तर यायला पाहिजे, त्याची एक फाईल. सुधारणा झाली की सगळ्या टेस्ट पुन्हा चालवायच्या. उत्तर जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल. "म्हणजे आई, काल जे चालत होतं ते आजही चालते का, हे मी पाहते."

मी म्हणाले, "कालचंच आज पाह्यतं? यासाठी तुले इंजिनिअर केलं बापानं?"

ती हसली. मला वाटलं, हिला बोलायला काही उरलं नाही म्हणून हसली. त्यानंतर हा माझा ठरलेला विनोद झाला. चक्कीवर कोणी विचारलं, सून काय करते, की मी सांगायची, "कालचं दळण आज पुन्हा दळते." लोक हसायचे. वर खिडकी उघडी असायची आणि तिला ऐकू जायचं, हे मला माहीत होतं.

ती मात्र माझं काम नीट पाहत होती. चक्कीचे झिजलेले दगड टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करून घेतले की मी लगेच गिऱ्हाइकाचं दळण घेत नाही. आधी घरचे मूठभर गहू, मग ज्वारी, मग हरभऱ्याची डाळ, असं एकेक टाकून पीठ बोटांत चोळून पाहते. गहू चांगला उतरला म्हणून डाळही उतरेल असं नसतं. अर्चना एकदा पायऱ्यांवर बसून हे बघत होती. म्हणाली, "आई, तुम्ही बी टेस्टच चालवून राह्यल्या की." मी तिला म्हणाले, चूप बस आणि ती परात इकडे दे. तिनं परात दिली. पण त्या दिवशी मला आतून बरं वाटलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

तिच्या कामातली एक गोष्ट मला आवडायची. लांबच्या कुठल्या देशातून कोणीतरी लिहायचं, आमचा प्रोग्राम आधी चालत होता, आता चालत नाही. सोबत तो दोन-तीनशे ओळींचा प्रोग्राम. अर्चना त्यातली एक ओळ काढायची, चालवायची, चूक येतेच का पाहायची. येत असेल तर त्या ओळीचा दोष नाही, ती बाजूला. मग पुढची. असं करत करत शेवटी तीन-चार ओळी उरायच्या, ज्यांतली कोणतीही एक काढली तर चूक नाहीशी होते. मग त्या ओळींची टेस्ट करून ठेवायची. सूप घेऊन तूर पाखडावी तसं तिचं चालायचं, घाई नाही. मी विचारलं, "तो दूरचा माणूस खोटं बोलत असन त?" ती म्हणाली, "सांगणारा खोटं नाही बोलत, आई. काहून बिघडलं ते त्याले माहीत नसते. पण बिघडलं, हे त्याले माहीत असते."

आणि एक गोष्ट तिला अजिबात चालत नसे. टेस्ट लाल आली की काही लोक कंटाळा करतात. बिघाड शोधत नाहीत, शेजारची उत्तराची फाईलच बदलून टाकतात. जे चुकीचं उत्तर आलं तेच बरोबर म्हणून लिहून टाकायचं, की झालं हिरवं. हे मला कसं कळलं तेही सांगते. एका उन्हाळ्यात चक्कीचा पट्टा ढिला झाला होता आणि पीठ रवाळ येत होतं. दुरुस्तीवाला दोन दिवसांनी येणार होता. शेजारच्या शांताबाईंनी पीठ चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कसं वं जाडं?" मी बिनदिक्कत सांगितलं, "यंदाचा गहूच असा आहे. सगळ्याचंच असं येऊन राह्यलं." शांताबाई गेल्या. अर्चना पायऱ्यांवरून खाली आली आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्ही उत्तराची फाईल बदलली." मग तिनं मला त्याचा अर्थ समजावला. मी चिडले. पण पट्टा दुरुस्त झाल्यावर शांताबाईंचं दळण परत मागवून पुन्हा दळून दिलं.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. हे सगळं मला माहीत होतं.

महालक्ष्म्यांच्या चार दिवस आधी ती माझ्याकडे आली. मी फराळाची चकलीची भाजणी काढत होते. ती म्हणाली, "आई, श्रावण लागेपर्यंत मी माडी एका दमात चढत होती. आता मधेच थांबावं लागते. आधी वाटलं बादलीनं होते. बादली न घेता चढून पाह्यलं, तरी होते. उपाशीपोटी चढून पाह्यलं, जेवून पाह्यलं. जेवल्यावर जास्त होते. अन् डावा हात जड पडते." ती कण्हत, कुंथत बोलत नव्हती. एकेक काढून टाकून जे उरलं होतं, ते तिनं माझ्यापुढे ठेवलं होतं. डॉक्टरलाही इतकं नीट कोणी सांगत नसेल. मी भाजणीतून हात न काढता म्हणाले, "चाळिशी उलटली आता. मलेही लागते दम. बाईच्या जातीचं असंच असते." ती म्हणाली, "आधी असं नव्हतं ना पण, आई. यवतमाळले दाखवून येऊ का?" मी म्हणाले, "सणाच्या तोंडावर? महालक्ष्म्या होऊ दे. अन् अविनाशले आताच सांगू नको, त्याच्या डोक्याले आधीच लय ताप आहे." तिनं ऐकलं. महालक्ष्म्या झाल्या. मी विषय काढला नाही.

दिवाळीनंतर ती पुन्हा बोलली. या वेळी मी चक्कीवर होते आणि तीन-चार बायका डबे घेऊन उभ्या होत्या. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, ते वाढलं. आता दोनदा थांबावं लागते." आणि मी मोठ्यानं, त्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका वं. आमच्या मॅडमले खुर्चीवर बसून बसून दम लागून राह्यला." बायका हसल्या. अर्चनाही थोडी हसली, आणि वर गेली. जाताना मधे थांबली. मी पाहिलं. तिसऱ्यांदा ती मला काही बोलली नाही.

ती शिकलेली, कमावती, एकटी जाऊ शकली असती, असं म्हणणारे भेटतील. मीही स्वतःला तसं म्हणून पाहिलं. पण ती माझ्याशी विचारून वागायची, कारण तिनं तसं वागावं हे मीच तिला वर्षानुवर्षं शिकवलं होतं. तिला आणि अविनाशला मूल झालं नाही, त्यावरही मी तिला बोलले आहे. ते सगळं लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही.

तेरवीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पुण्याची ती बाई कंपनीचा कॉम्प्युटर न्यायला आली. तिनंच हाका मारल्या होत्या. चहा घेताना ती म्हणाली, अर्चना मॅडमच्या टेस्ट अजून रोज चालतात, त्या कोणी काढून टाकणार नाही. प्रत्येकीच्या वर त्यांनी दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत, हे कोणी सांगितलं, कधीपासून बिघडलं होतं, कशानं सुधारलं. मग तिनं विचारलं, "त्यांना आधी काही जाणवलं नव्हतं का?" मी म्हणाले, "नाही. सोशिक होती." ती माझ्याकडे पाहत राहिली. "मॅडम?" म्हणाली, "मॅडम तर अगदी बारीकसारीक सांगायच्या." मग तिनं कप खाली ठेवला आणि वायरी गुंडाळू लागली.

त्या दिवशी संध्याकाळी मी अविनाशला सगळं सांगितलं. तो जेवला नाही. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कळंबले कोण सांगन? मी नाही सांगणार." तिकडे माझी विहीण, अर्चनाची आई, एकटी राहते. तेरवीला मी ते सोशिकपणाचं बोलले तेव्हा ती माझ्यासमोरच बसली होती, आणि सगळ्या बायका रडल्या तेव्हा तीच एक रडली नव्हती. नंतर आमच्या कानावर आलं होतं की ती मुलीचं नावच काढत नाही. कोणी काढलं तर म्हणते, "मायपासून लपवलं तिनं. मले काय करायचं आता."

मी यवतमाळला गाडी बदलून कळंबला गेले. दुपार होती. तिनं पाणी दिलं. मी म्हणाले, "इहीनबाई, मी खोटं बोलली." ती समोर खाली बसली आणि एकेक विचारू लागली. "कवा सांगतलं होतं तिनं?" मी सांगितलं. "कोणत्या शब्दात?" मी आठवतील तसे शब्द सांगितले, बादलीचं, उपाशीपोटीचं, हाताचं. "अन् तुम्ही काय म्हटलं?" तेही सांगितलं. मग ती म्हणाली, "दुसऱ्यांदा कवा सांगतलं?" मी चमकले. दुसऱ्यांदाचं मी अजून बोललेच नव्हते. ती म्हणाली, "एकदा सांगून ऐकलं नाही त दुसऱ्यांदा सांगतलंच असन. माही पोरगी होती थे." मी दिवाळीनंतरचं सांगितलं. बायका हसल्या तेही सांगितलं. विचारण्याची ती पद्धत, मधलं काही न सोडता... मुलगी कोणावर गेली होती ते मला तेव्हा कळलं.

तिनं पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मंग लपवलं नाही तिनं."

"नाही."

ती उठली. आतल्या खोलीतून, पेटीच्या तळाशी ठेवलेला अर्चनाचा फोटो घेऊन आली. चौकट करून आणली होती, पण रागानं भिंतीवर लावलीच नव्हती. पदरानं काच पुसली आणि स्टूल ओढलं. मी धरायला उठले, तर म्हणाली, "बसा तुम्ही." आमच्याकडे विहिणीला उपाशी पाठवत नाहीत, पण तिनं जेवणाचं विचारलं नाही. स्टुलावर चढून तिनं खिळ्यात दोरी अडकवली. उतरली तेव्हा ती भिंतीला हात टेकून उभी राहिली, तोंड उघडं ठेवून श्वास घेत. सत्तरीची बाई, लहानसं स्टूल. मी म्हणाले, "असा दम कधीपासून लागते तुम्हाले?"

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आता इचारता?"

मी म्हणाले, "हो. आता इचारते. कधीपासून लागते, सांगा."