निर्दोष सुटलेल्याची बातमी

परभणीच्या कोर्टात मी बावीस वर्षं बातमीदारी केली. शिकलो होतो वकिली, पण काळा कोट काही अंगाला मानवला नाही. दुसऱ्यांचे खटले कागदावर उतरवण्यातच मला गोडी. आता घरी बसून कोर्टाविषयी पुस्तकं लिहितो. लोक लेखक म्हणतात आणि चारचौघांत बरंही वाटतं. पण मन अजून कोर्टाच्या आवारातल्या त्या लिंबाखालीच रेंगाळतं. टाइपरायटरची टकटक, पट्टेवाल्याचा पुकारा, कँटीनमधला पाकासारखा गोड चहा, सगळं आठवतं आणि घरात करमत नाही.

दुपारी चारपर्यंत बातमी हाताने लिहायची, लिफाफ्यात घालायची आणि स्टँडवर जाऊन एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची. तो तिकडे पेपरच्या मुख्य कचेरीच्या माणसाला पोचवायचा. लिफाफा घेताना तो हटकून विचारायचा, "आज कोन अडकलं?" कोण सुटलं, असं त्याने कधी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

आमची रीतच तशी होती. शिक्षा झाली की सरकारी वकिलांच्या कारकुनाकडून तयार टिपण हातात पडायचं. आरोपी सुटला तर टिपण कोण देणार? सरकार पक्ष हरलेला, पोलीस गप्प, आणि सुटलेला माणूस गावाकडची बस गाठायला पळालेला. त्यामुळे आमच्या पेपरात माणसं पकडली जायची, सुटायची मात्र नाहीत.

पालमकडच्या एका खेड्यातल्या गुरवाचं तसंच झालं. देवळातून देवाचा चांदीचा मुखवटा गेला. किल्ली गुरवाकडे, म्हणून त्यालाच धरलं. पोलिसांच्या कागदावरून बातमी मी दिली. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, वय, काही सोडलं नाही. 'मुखवटा पळवणारा गुरव गजाआड' हा मथळाही माझाच, आणि त्या दिवशी तो मला फार जमल्यासारखा वाटला होता. तीनेक वर्षांनी गुरव निर्दोष सुटला. त्याच्याविरुद्ध पुरावाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मला शोधत लिंबाखाली आला. खिशातून माझ्याच बातमीचं घड्यांवर फाटलेलं कात्रण काढून त्याने पुढे धरलं.

"सायेब, हे तुमीच लिव्हलं ना? आता सुटलो ते बी लिव्हा. गावानं माझी पूजेची पाळी काढून घेतली. म्हंतेत, कोर्टातलं आमाला काय ठाऊक, पेपरात तर चोर म्हनून आलं होतं."

मी लगेच तीन परिच्छेद लिहिले आणि ड्रायव्हरकडे दिले. बातमी आली नाही. पुन्हा पाठवली, तीही आली नाही. फोन केला तर उपसंपादक म्हणाला, "सुटला म्हणजे काहीच घडलं नाही की. यात बातमी कुठंय?" तेव्हा मी भांडायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी एका खुनाचा निकाल होता, मी तिकडे धावलो. गुरव आठ-दहा दिवस येत राहिला. पालमच्या स्टँडवर पेपर चाळायचा आणि मग एसटीने परभणीला यायचा. नंतर यायचा थांबला. मला हायसं वाटलं होतं, आणि त्याची आजही लाज वाटते.

नोकरीतून मोकळा झाल्यावर पहिलं पुस्तक लिहिलं ते निर्दोष सुटलेल्या माणसांवर. त्यातलं सगळ्यांत मोठं प्रकरण गुरवाचं. गेल्या हिवाळ्यात प्रत घेऊन त्याच्या गावी गेलो. तो ओट्यावर बेल निवडत बसला होता, खूप थकला होता. पूजा पुतण्याकडे गेली होती, याच्याकडे फक्त बेल आणून देणं उरलं होतं. ओळीखाली बोट धरून त्याने सगळं प्रकरण वाचलं. मी शाबासकीची वाट पाहत बसलो.

"माझं नाव कुठंय?" त्याने विचारलं.

"मामा, पुस्तकात नावं झाकावी लागतात. तुमच्याच भल्यासाठी. उगीच बदनामी नको." नावं झाकल्याबद्दल प्रस्तावनेत मी स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

"चोर म्हनताना बापाच्या नावासगट छापलंत," तो शांतपणे म्हणाला. "आन सुटल्यावर झाकायलाव व्हय?"

त्याने माझ्या खिशातल्या पेनकडे बोट दाखवलं. जिथे जिथे 'एक गुरव' होतं, तिथे तिथे खोडून मी त्याचं पूर्ण नाव लिहीत गेलो. अकरा पानं झाली. तो शेजारी बसून तपासत होता. एका ठिकाणी वडिलांचं नाव राहिलं तर ते लिहून घेतलं. मग पुस्तक काखोटीला मारून, पायात चपला सरकवून तो देवळापुढच्या पाराकडे निघाला. मीही मागोमाग गेलो.

पारावर चार-पाच म्हातारे बसले होते. गुरवाने पान उघडून आपलं नाव मोठ्याने वाचलं, आणि आपण निर्दोष सुटल्याची ओळही वाचली. एकाने मान वाकडी करून पानात डोकावलं.

"हे तर पेनानं लिव्हलंय," तो म्हणाला. "छापलेलं कुठंय?"