डॉर्सेटबाई आणि सहा मजूर

डॉर्सेटबाईंना गप्प बसता येत नसे. स्टाफरूममध्ये कुणी "जाऊ द्या ना बाई" म्हटलं, की त्या चष्मा कपाळावर चढवत. "मास्तरणीला पगार बोलायचा मिळतो गो बाय, गप बसायचा नाय." मग बोलायचं ते बोलूनच थांबत.

होत्या श्रीवर्धनकडच्या कोकणी मुसलमान. इंग्लंड जन्मात पाहिलेलं नाही. पण इथे आखातात, महबूलातल्या आमच्या शाळेचे पहिले मुख्याध्यापक डॉर्सेटचे, म्हणजे तिकडच्या शेतीवाडीच्या मुलखातले. आपल्या डॉर्सेटच्या थोर माणसांचा एक दिवस त्यांनी सुरू केला. ते गेले, प्रथा राहिली. दरवर्षी मुलं लॉर्ड, कप्तान, लेखक होऊन येत आणि शेजारच्या फहाहीलचा शिंपी मखमली कोट शिवून शिवून मेटाकुटीला येई. बाई इतिहास शिकवत, म्हणून हे लोढणं त्यांच्या गळ्यात पडलं. त्या त्याच्या प्रेमातच पडल्या, आणि डॉर्सेटबाई हे नाव कायमचं चिकटलं.

प्रेमाची रीत मात्र उफराटी. लॉर्डांना दोन वाक्यांत उरकत. समुद्रकाठच्या कड्यांतून हातोडीने जीवाश्म काढणारी एका सुताराची पोर त्यांची लाडकी. "मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तिच्याकडून सगळं घेतलान, सभेत खुर्ची नाय दिलान!" असं तावातावाने सांगत, जणू ती यांची सख्खी आतेबहीण.

मग एका वर्षी त्यांनी मंचावर सहा शेतमजूर आणायचं ठरवलं. मजुरी कमी करत नेली म्हणून डॉर्सेटचे हे सहा जण शपथ घेऊन एक झाले, आणि सरकारने त्यांना काळ्या पाण्यावर, थेट ऑस्ट्रेलियाला धाडलं. देशभर लोक उठले तेव्हा कुठे सुटले. हे ऐकून मुख्याध्यापिका मॅडमना घाम फुटला. पहिल्या रांगेत शाळेला सफाईवाले आणि बसड्रायव्हर पुरवणारा कंत्राटदार बसणार होता.

"ये मजदूरवाला आयटम ड्रॉप कीजिए."

"तो डॉर्सेट भी ड्रॉप कीजिए, मॅडम. ये लोग भी वहीं के हैं."

मी त्यांच्याच स्टाफरूममधली, त्यांच्याहून लहान मास्तरीण; बाईंना बाजूला घेतलं. त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, शाळेच्या नोकरीवर. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. धाकट्या लेकीचं नर्सिंगचं शिक्षण अजून व्हायचं होतं.

"ठाव हाय मला सगळा," त्या म्हणाल्या. "तू चाय पी."

कार्यक्रमाच्या दिवशी वेगळाच घोटाळा. शेतमजूर म्हटल्यावर पोरांच्या आयांनी त्यांना धोतर नेसवून, मुंडासं बांधून पाठवलं! एकाच्या हातात तर पुठ्ठ्याचा विळा. मॅडम लालबुंद. "ये डॉर्सेट है?" बाई इतक्या हसल्या की चष्मा पडला. "राबणारा माणूस कुठल्या पण मुलखात असाच दिसतो. चला रे पोरांनो!"

पोरं मंचावर गेली. तोतरं, अडखळत, पण ठणकावून बोलली: आम्ही चोरी केली नाही, दंगा केला नाही, पोरांना पोटभर जेवण मागितलं. टाळ्या आल्या त्या मागच्या दारातून. तिथे सफाईवाले आणि ड्रायव्हर उभे होते. कंत्राटदार फोनमध्ये बघत बसला. मला रडू आलं आणि त्याची लाज वाटली नाही.

बाईंचा करार पुढे वाढवला गेला नाही. कारण विचारायला त्या गेल्याच, अर्थात. कुणी धड सांगितलं नाही. विमानतळावर मीच मुळूमुळू रडत होते.

"रडतेस कशाला गो? त्या सहांना काळ्या पाण्यावर धाडलान. मला घराकडं धाडतायत." ताठ मानेने आत गेल्या. वळून पाहिलंसुद्धा नाही.

यंदा तो दिवस माझ्याकडे आलाय. मॅडमनी आधीच बजावलंय, लॉर्ड, कप्तान आणि लेखक, बस्स. माझाही इकामा शाळेचाच आहे. काल वर्गात मी विचारलं, मजूर कोण कोण होणार? पहिला हात वर आला तो माझ्याच लेकीचा. मी तिला पुढे बोलावलं आणि म्हटलं, अजून पाच जण हवेत.