मडमेचं कुत्रं

आमच्या शेजारी गिरणीच्या कचेरीतले एक हेडक्लार्क राहायचे. साहेबाच्या मडमेनं विलायतेला परत जाताना आपलं कुत्रं त्यांच्या स्वाधीन केलं आणि त्यांची मान जी ताठ झाली ती झालीच. कुत्रं मांजराएवढं, नाक चपटं, केस जमिनीला टेकलेले. "चिनी राजवाड्यातली जात! अख्ख्या सोलापुरात दुसरं दाखवा," असं ते ओळखदेख नसलेल्यालाही थांबवून सांगत. सकाळी ब्रश, मग बोरिकच्या पाण्यानं डोळे पुसणं, संध्याकाळी कडेवर घेऊन फेरी.

वैशाखात ते सारखं धापा टाकायचं. मी म्हटलं, "अहो, केस तरी कापा त्याचे."

"मग शोभा काय राहिली त्याची?"

एका दुपारी ते कचेरीत असताना माढ्याकडचा धनगर घोंगड्या विकायला आला. ओट्यावर जीभ काढून पडलेलं कुत्रं बघून तो हळहळला. "लोकर लई वाढलीया की! जीव जाईल मुक्या जनावराचा," म्हणत त्यानं पिशवीतली कातर काढली आणि मेंढरासारखं त्याला भादरून टाकलं. मी अडवलं नाही. कुत्रं गार फरशीला पोट लावून गाढ झोपलं.

हेडक्लार्क आले आणि मटकन खालीच बसले. "आता हे दाखवायचं कुणाला?"

त्या दिवसापासून त्याला भाकरी मी घातली. ते त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हते. दिवाळीपर्यंत केस पुन्हा झुलायला लागले, तसे हेडक्लार्क एका सकाळी ब्रश घेऊन माझ्या दारात हजर.

"कुठाय आमचा राजा?"