कायमपत्ता काका

दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत दारावरच्या पाटीवर नाव असायचं आणि नावाखाली हुद्दा. बढती मिळाली की आधी पाटी रंगायची, पेढे सावकाश यायचे. समोरच्या काकांच्या पाटीवर मात्र हुद्द्याच्या जागी ईमेलचा पत्ता होता, तोही ठसठशीत पांढऱ्या ऑइलपेंटने. दूधवाल्याने एकदा विचारलं, "साहब, ये कौन-सी डिग्री है?" काका शांतपणे म्हणाले, "सबसे ऊँची. परमनंट." त्या दिवसापासून आम्ही पोरं त्यांना कायमपत्ता काका म्हणू लागलो.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, सेक्शन ऑफिसर. घरातही फायलीचीच भाषा. काकूंनी भाजी कसली करू विचारलं तर म्हणायचे, "वांग्याचा प्रस्ताव मान्य. तिखटाबाबत फेरविचार व्हावा." काकू फेरविचार वगैरे काही करायच्या नाहीत.

कॉलनीत कोणी फॉर्म भरताना दिसलं की काका हजर. "ईमेल लिहिलास का? क्वार्टर आज आहे, उद्या दुसऱ्याला. माणूस हलला तरी पत्ता हलला नाही पाहिजे." मी दहावीत असताना हौसेने 'राजकुमारी'पुढे लकी नंबर लावून ईमेल काढला होता. काकांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. "काय हे बाप्पा! उद्या नोकरीच्या अर्जावर राजकुमारी लिहिशील?" मला शेजारी बसवून त्यांनी माझ्या नाव-आडनावाचा पत्ता काढून दिला. तेव्हा मी रडले होते. आज वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तोच वापरते.

एवढं वेड कशापायी, ते काकूंनी सांगितलं. आर. के. पुरमला येण्याच्या कितीतरी आधी काकांचं क्वार्टर सरोजिनी नगरला बदललं, त्याच आठवड्यात धाकट्या भावाचं, प्रकाशचं, पत्र जुन्या पत्त्यावर आलं: बाबांचं काही खरं नाही, लगेच निघ. ते हातोहात फिरत काकांना मिळालं आणि ते गावी पोचले तेव्हा बाबांना जाऊन तिसरा दिवस होता. "मुद्दाम आला नाहीस," एवढं बोलून प्रकाश घर सोडून गेला. कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे कळलं की एका नातेवाइकाला तो कधीमधी भेटतो. काकांनी त्या नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी धाडली: 'हा माझा पत्ता. आता बदलणार नाही.' खाली ईमेल.

आणि इथेच आमच्या परमनंट साहेबांनी घोळ घातला होता. तो ईमेल होता ऑफिसचा! बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सरकार हाच कायमचा मुक्काम वाटला, दुसरं काय. निवृत्तीच्या महिन्यात ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, "सर, क्वार्टर की तरह ये भी खाली करना पड़ेगा." काका घरी आले ते थेट आमच्याकडे. मी तेव्हा नोएडात कॉम्प्युटरच्या कंपनीत होते. त्यांनी पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि म्हणाले, "पोरी, मी त्याला बदलणार नाही म्हणून लिहून दिलंय गं."

मी त्यांच्या आडनावाचं स्वतंत्र डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं घरच, घेतलं आणि त्यावर नवा पत्ता काढून दिला. काकांनी चौकशी केली, "इथला मालक कोण?"

"तुम्ही."

"खाली करा म्हणणारा कोणी नाही?"

"नाही. फक्त दरवर्षी नूतनीकरण करायचं."

"म्हणजे भाडेकरूच की!" म्हणाले, पण खूश होते.

नवा पत्ता त्यांनी जगाला कळवला, रीतसर परिपत्रक काढून. ज्याला कळवायचं तो मात्र सापडेना. तो नातेवाईकही एव्हाना वारला होता. मग काका काकूंसह गावी राहायला गेले आणि बंद घराचं दार उघडायच्या आधी त्यांनी त्यावर नवा ईमेल रंगवला. हातभर अक्षरं! गाव हसलं. "आम्ही दोघं रानात असलो अन् तो येऊन कुलूप पाहून परत गेला तर?" असं त्यांनी मला फोनवर समजावलं.

दोन वर्षांनी काका-काकू रानात असतानाच प्रकाश आला आणि कुलूप पाहून परत गेला. संध्याकाळी मेल आला: 'दादा, दारावर वाचलं.'

काकांनी उत्तराचे चार मसुदे केले. 'उपरोक्त संदर्भीय मेल प्राप्त झाला' इथपासून सुरुवात. चारही मला फोनवर वाचून दाखवले आणि मी ओरडले, "अहो काका, भाऊ आहे तो!" शेवटी त्यांनी पाठवलं ते एकच अक्षर: 'ये.'

तो आला. तीन वर्षं दोघे भाऊ एकत्र राहिले, तिखटावरून भांडले. गेल्या थंडीत काका गेले.

डोमेनचं नूतनीकरण आता मी करते. परवा त्यासाठी आत शिरले तर काकांच्या मेलपेटीत न वाचलेले मेल दिसले. दर रविवारी एक, सगळे प्रकाशकाकांचे, काका गेल्यानंतरचे. मी एकही उघडला नाही. नूतनीकरणाच्या रकान्यात मिळतील तेवढी सगळी वर्षं भरली आणि बाहेर आले.